पांदीतला खोकला

गेल्या आठवड्यात लातूरहून एका तरुणाचा फोन आला. क्षयरोगावर आयुष्यभर काम केलेल्या माणसांचा सत्कार करायचा घाट त्यांनी घातला आहे आणि त्या यादीत माझंही नाव आहे. मी पाठवलेलं भाषण त्यानं वाचलं होतं. "मॅडम, फार प्रेरणादायी आहे," तो म्हणाला, "फक्त ते परसाकडचं तेवढं गाळता आलं तर बघा. समोर पाहुणे असतात, महिला असतात." म्हटलं, महिला असतात म्हणूनच ते सांगायचं आहे. त्यावर तो गोड हसला. "मग 'योग्य ठिकाणी' असं म्हणूया का?" मी फोन ठेवून दिला. सत्तरीला टेकलेल्या बाईनं असं तडकू नये म्हणतात. पण मला राग आला की लिहायला हात शिवशिवतात, आणि हे प्रकरण त्या रागातच लिहिलं आहे. तेव्हा त्या जागेपासूनच सुरुवात करते.

आमचं गाव चाकूर तालुक्यातलं, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. गावाच्या उगवतीला, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या तेलघाण्यामागून एक पांदी जायची. मधून एका बैलगाडीपुरती खोल वाट आणि दोन्ही अंगांना बाभळी अन् घाणेरीची दाट जाळी. फटफटायच्या आधीपासून ऊन वर येईपर्यंत ती वाट बायकांची. पुरुष मावळतीच्या ओढ्याकडं जायचे, आणि त्या वेळी पांदीकडं फिरकायची कुणा बाप्याची छाती नव्हती. हातात टमरेल घेऊन चार-चार, पाच-पाच जणींचे घोळके निघायचे. मी त्या जागेचे गोडवे गात नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात विंचू, आणि भर दुपारी पोटात कळ आली तर दिवस मावळेपर्यंत दम धरायचा. घरोघर संडास झाले, फार चांगलं झालं. पण तेव्हा आमच्या गावच्या बायकांना मोकळं बोलायला तेवढीच एक जागा होती. कुणाला दिवस गेले, कुणाला नवऱ्यानं मारलं, कुणाच्या सासूनं पिठाचा डबा कुलपात ठेवला, हे सगळं तिथं कळायचं. घरात जिचा ब्र ऐकू येत नसे ती सून तिथं खो खो हसायची.

आम्ही वाणी, लिंगायत. पुढं किराणा दुकान आणि त्याचा लांबरुंद ओटा, मध्ये घर, मागं करडईचा घाणा. सकाळी जाग यायची ती अप्पांच्या लिंगपूजेच्या घंटीनं. त्यामागून घाण्याची लाकडी करकर सुरू व्हायची, ती दिवसभर. ताज्या तेलाचा वास आमच्या अंगाला, अंथरुणाला, वह्यांनासुद्धा लागलेला असे. शाळेत मला पोरी "तेलीण" म्हणायच्या आणि मी त्यांच्या झिंज्या उपटायची. जेवायला भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत घाण्यावरचं तेल ओतून भाकरीचा तुकडा त्यात बुडवला की बाकी काही नसलं तरी चालायचं.

अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. पण घरातल्या बाईचा आवाज ओट्यावर येऊ नये हा त्यांचा कायदा होता, आणि तो त्यांनी कधी तोंडानं सांगितला नव्हता, म्हणून तो मोडायचीही सोय नव्हती. खाकरणं, थुंकणं, मोठ्यानं शिंकणं हा सगळा बाप्यांचा मान. अप्पा स्वतः सकाळी चूळ भरताना असे खाकरायचे की पत्र्यावरचे कावळे उडायचे. आणि माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, ठसका लागला की ती पदराचा बोळा तोंडात कोंबून घाण्याकडं पळायची. मला हे सगळं इतकं सवयीचं होतं की त्यात काही विचित्र आहे असं दहावी होईपर्यंत मला वाटलं नव्हतं. आज त्याचीच लाज वाटते.

माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको निर्मला. ती निलंग्याकडची. तिला आमच्या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि दोन वर्षांची एक पोर होती. वैनी माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी. पांदीत तिच्याइतकी नकला करणारी दुसरी कुणी नव्हती. घरात मात्र ती सावलीसारखी वावरायची. त्या वर्षी आमच्या घरात एक नवल घडलं होतं: शेंगदाण्याची चटणी कधी संपायचीच नाही. वैनी सकाळी कुटायची, दुपारी कुटायची, दिवेलागणीला पुन्हा उखळापाशी. बरण्या भरल्या, मग डबे भरले, मग अव्वा शेजारीपाजारी वाटायला लागली. "लई कष्टाळू सून मिळाली गं बाई," ती कौतुकानं सांगायची, "उखळ सोडतच न्हाई."

एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर वैनी मुसळ उखळात आपटत होती आणि उखळात एक दाणा नव्हता. रिकाम्या उखळात धाड धाड मुसळ, आणि त्या आवाजाखाली तोंडात पदर धरून ती खोकत होती. पाठ कमानीसारखी वाकलेली. ढास थांबली तेव्हा तिनं पदर तोंडातून काढून पटकन मुठीत दाबला. मी मूठ उघडायला लावली. पदरावर विटकरी डाग होता.

"कवापासून?" मी विचारलं.

"हळू बोल शिवू. मामांना ऐकू जाईल." सासऱ्यांना ती मामा म्हणायची, अर्थात त्यांच्या माघारी.

"अगं कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. संध्याकाळी कणकण येती. तुझ्या अण्णाला ठावं हाय. त्येनी खोकल्याची बाटली आणून दिली."

त्याच सुमाराला गावात डॉक्टरांचं पथक आलं. कुठल्या संस्थेचं ते मी लिहीत नाही. चुकले ते एका जागी आणि शिकलेही त्याच जागी, त्यांची नाचक्की करायची मला हौस नाही. गावोगाव क्षयरोग किती आहे याचा अभ्यास ते करत होते. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा बेडका एका झाकणाच्या डबीत घ्यायचा, तो काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचा, आणि ज्यांच्या डबीत जंतू सापडतील त्यांना इंजेक्शनं आणि गोळ्या फुकट. पथकाचे डॉक्टर पुण्याकडचे, सडपातळ, बोलायला अतिशय सभ्य. तपासणीला जागा हवी होती. गावात सगळ्यांचा विश्वास असलेलं घर कोणतं, असं त्यांनी विचारलं, आणि गावानं अप्पांच्या दुकानाकडं बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं, याहून चांगलं काय असणार.

आणि तिथंच सगळं फसलं. ओट्यावर टेबल मांडलं. टेबलाशेजारी अप्पा गादीवर, पोलीस पाटील त्यांच्या बाजूला, समोर निंबाखाली रिकामटेकडे. डॉक्टर प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगत, खोल श्वास घ्या, छातीतून खोका, तोंडातली लाळ नको. पुरुषांनी तर जत्रा केली. कोण मोठ्यानं खाकरतो याची चढाओढ लागली. मग बायकांची रांग आली. एकेक बाई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून यायची, डबी घ्यायची, भिंतीकडं तोंड करायची आणि पक्ष्यानं चोच टेकवावी तसं त्यात थोडं थुंकून झाकण लावायची. वैनीनंही तेच केलं. मीही तेच केलं, हे लिहून टाकते. बापासमोर खाकरायची माझीही हिंमत झाली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टरांनी ओट्यावर निकाल सांगितला. पुरुषांत काही जणांना रोग सापडला होता, त्यांची औषधं सुरू झाली. बायकांत एकही नाही. पोलीस पाटलांची छाती फुगली. "आमच्या बायका कष्टाच्या, साहेब. त्यांना कुठला रोग?" डॉक्टर मान डोलावत वहीत काहीतरी लिहीत होते. बायका घरात राहतात, बाहेरच्यांच्या सहवासात कमी येतात, असं काहीसं ते अप्पांना सांगत होते. अप्पांना ते पटलं. ते का पटणार नाही?

त्या निकालानं वैनीचा निकाल लागला. आतापर्यंत तिचा खोकला कुणाच्या लेखी नव्हताच. आता तो खोटा ठरला. ती वाळत चालली होती, भाकऱ्या थापता थापता टेकून बसत होती, पण तपासणी तर झाली होती, आणि तीही मोठ्या डॉक्टरांची. "काय न्हाई तिला," अव्वा म्हणाली, "हितं मन लागंना म्हणून सोंग करायली. चार महिने माहेरी जाऊ दे हवापालटाला. लेकरू राहू दे हितं." आमच्या गल्लीतली एक सून अशीच पोराला ठेवून हवापालटाला गेली होती. ती परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं आणि त्या लग्नातली खीर मी खाल्ली होती. वैनीला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. सोमवारच्या मोटारीनं अण्णा तिला निलंग्याला सोडणार असं ठरलं. पथकही सोमवारीच गाव सोडणार होतं. मी हिशेब केला तेव्हा शुक्रवार होता.

पथकात काचा तपासणारे लतीफभाई होते, नांदेडचे. मेंदी लावलेली दाढी आणि सतत गुणगुणायची सवय. दुकानाच्या खिडकीत उन्हाच्या तिरपेला त्यांनी मायक्रोस्कोप लावला होता. काचेवर लाल रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्यानं वाफ निघेस्तोवर तापवायचा, मग तेजाबानं धुवायचा, मग निळा रंग. रोज येता-जाता बघून मला ते पाठ झालं होतं. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला आमच्या वैनीची काच बघायची आहे.

त्यांनी आधी एका पुरुषाची काच लावली. "एक डोळा मीट बेटी. लाल काड्या दिसायल्या?" निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या होत्या, कुणी कुंकवात बुडवलेली सुई टेकवत गेल्यासारख्या. "वोच बीमारी. आता तुझ्या वैनीची बघ." त्या काचेवर नुसत्या निळसर, पापडासारख्या पसरट खपल्या. "ये तोंडाची चामडी हाय. लाळ. फेफड्यातलं कुच आयाच नै. बायांच्या सगळ्याच काचा अशा."

"मग तुम्ही बोलला का न्हाई?"

"बोला ना साबको. साब बोले, जितकं आलं तितकं तपासा." त्यांनी खांदे उडवले आणि मग माझ्याकडं नीट बघितलं. "तू बोल. तुझं ऐकतील."

माझं कुणी ऐकलेलं नव्हतं आजवर. तरी मी गेले. डॉक्टर वह्या बांधत होते. मी म्हटलं, "साहेब, बायकांना रोग न्हाई असं नका लिहू. तुम्ही त्यांचा खोकला तपासलाच न्हाई."

"आम्ही प्रत्येकीला समजावून सांगितलं होतं," ते शांतपणे म्हणाले.

"कुणासमोर सांगितलं?"

"सगळ्यांसमोर. काहीच लपवून केलं नाही."

"तेच म्हणायले मी. साहेब, आमची वैनी चार वर्षं झाली ह्या घरात नांदायली. अप्पांनी अजून तिचा आवाज ऐकला न्हाई. ती त्यांच्या गादीपुढं छातीतून खाकरंल व्हय?"

डॉक्टरांनी हातातली दोरी खाली ठेवली. ते विचार करत होते हे दिसत होतं, आणि माझा राग तेवढ्यापुरता कमी झाला. मग ते म्हणाले, "तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण नोंदी पूर्ण झाल्या आहेत. नमुने कुठं घ्यायचे, कसे घ्यायचे याची एक पद्धत असते. पुढच्या गावी आपण नक्की लक्षात ठेवू."

पुढच्या गावी! वैनी या गावी मरत होती. कोपऱ्यात रिकाम्या डब्यांचं एक खोकं होतं. मी ते उचललं. "त्या मोजून परत करायच्या असतात," ते म्हणाले. "माझ्या नावावर लिवा," मी म्हटलं आणि भर दुपारी, अप्पांच्या गादीसमोरून खोकं घेऊन आत गेले. पुढं कुणीतरी माझ्याबद्दल बोलताना म्हणालं की मी डब्या चोरल्या. मी चोरल्या नाहीत. सांगून घेतल्या.

घरी खोकायला जागा कुठली? कुठल्याही घरात नव्हती. शनिवारी दिवसभर मी पाणवठ्यावर, गिरणीवर, जी भेटेल तिच्या कानात एकच सांगत फिरले, उद्या पांदीत या आणि तोंड न धुता या. रविवारी फटफटताना मी टोपलीत डब्या घेऊन पांदीत उभी राहिले. बायका आल्या, नेहमीपेक्षा जास्त आल्या. त्यांना वाटलं होतं, कुणाची तरी भानगड ऐकायला मिळणार. मी त्यांना काचेवरच्या खपल्या सांगितल्या, लाल काड्या सांगितल्या. दोनदा छाती भरून श्वास घ्यायचा आणि सोडायचा, तिसऱ्यांदा धरून ठेवायचा आणि बेंबीच्या देठापासून खोकायचं. मी करून दाखवलं. सगळ्या हसायला लागल्या. शेतावर रोजानं जाणाऱ्या सोजरबाई होत्या, पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "जल्मभर गिळ गिळ म्हणलं, आन् आता हिला डबीत पायजे! आण हिकडं." त्यांनी टमरेल खाली ठेवलं, पदर खोचला आणि असा खोकला काढला की बाभळीवरची साळुंकी उडून गेली. मग हसणं थांबलं आणि हात पुढं आले.

वैनी मागं उभी होती. डबी तिच्या हातात होती, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मला जमंना शिवू," ती म्हणाली. खोकला तर तिच्या गळ्याशी आलाच होता. आणि तो येताच तिचा दुसरा हात आपोआप पदराकडं गेला, पदर तोंडात गेला. तिथं अप्पा नव्हते, ओटा नव्हता, कुणी पुरुष हाकेच्या अंतरावर नव्हता. तरी पदर तोंडात गेला. ते बघून मला जे झालं ते आज लिहितानाही तसंच होतं. मी तो पदर तिच्या दातांतून ओढून काढला. जोरानं ओढला, ती कळवळली. "खोक," मी ओरडले, "खोक गं माझे आई!" आणि ती खोकली. इतके महिने उखळाखाली दाबलेलं सगळं एकदम वर आलं. ती गुडघ्यांवर बसली, एका हातानं माती धरली आणि खोकत राहिली. सोजरबाईंनी तिची पाठ धरली. तिची ढास ओसरायच्या आत दुसरीनं सुरू केलं, मग तिसरीनं. पांदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक जाळीआडून बायका खोकत होत्या. तो आवाज घाण्यावरून, घरावरून ओट्यापर्यंत गेला होता, हे मला नंतर कळलं.

टोपलीवर फडकं टाकून मी परतले. घरात शिरायला मागचं दार होतं. मी गावातून, पुढच्या वाटेनं गेले. ओट्यावर अप्पा, पाटील आणि आणखी चार-दोन जण दातांत बाभळीची काडी धरून तसेच बसलेले. चावणं थांबलेलं.

"शिवे, टोपलीत काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"गावच्या बायकांचा खोकला, अप्पा."

"कुठून आणलीस?"

"पांदीतून. परसाकडून."

पाटील ताडकन उठले. "पोरीच्या जातीला शोभतंय का ह्ये बोलणं? इज्जत हाय का न्हाई गावाला?"

"तुमच्या घरच्या बी हायती ह्यात, पाटील," मी म्हटलं. "झाकण उघडू?"

पाटील बसले. अप्पांचा चेहरा काळवंडला होता. ते एवढंच म्हणाले, "आत जा." अप्पांनी सांगितलं आणि मी केलं नाही असं त्या दिवसापर्यंत कधी घडलं नव्हतं. मी टोपली घट्ट धरून तिथंच उभी राहिले. शेवटी लतीफभाई बाहेर आले, माझ्या हातातून टोपली घेतली आणि डॉक्टरांना म्हणाले, "साब, रंग उरला हाय. फेकण्यापेक्षा वापरून टाकतो." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी बांधलेल्या वह्यांची दोरी सोडली.

लतीफभाईंनी दिवसभर मान वर केली नाही. अव्वानं मला जेवायला हाक मारली नाही, आणि मला भूकही नव्हती. ऊन खिडकीतून सरकत चाललं तसा त्यांनी मायक्रोस्कोप दोनदा सरकवला. शेवटची उन्हं होती तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बघितलं, पुन्हा बघितलं. वैनीची काच लाल काड्यांनी भरलेली होती. आणखी दोघींच्या काचांवरही त्या होत्या. त्यातली एक पाटलांच्या घरची. डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "माझं चुकलं." एवढे दोनच शब्द. त्यानंतर नोकरीत मी पुष्कळ मोठे डॉक्टर बघितले, पण हे दोन शब्द फारसे ऐकले नाहीत.

अप्पा उठून खिडकीशी गेले. लतीफभाईंनी त्यांना एक डोळा मिटायला सांगितलं. अप्पा खूप वेळ वाकून उभे होते. "ह्या काड्या तिच्या छातीत हायत?" त्यांनी विचारलं. "आणि बऱ्या होतील?" डॉक्टर म्हणाले, औषध नेमानं घेतलं तर होतील. अव्वा दारातून कुजबुजली, मग तर माहेरीच बरी, घरात लेकरू आहे. त्यावर अण्णा, ज्यानं आजवर कधी आईबापापुढं तोंड उघडलं नव्हतं, तो आताही काही बोलला नाही. सोमवारसाठी दोरीनं बांधून ठेवलेली वैनीची ट्रंक त्यानं ओसरीवरून उचलली, आत नेली आणि फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निलंग्याच्या मोटारीऐवजी तो तिला सायकलवर बसवून चाकूरच्या दवाखान्यात इंजेक्शनाला घेऊन गेला. पुढं कितीतरी दिवस नेत होता.

औषध लांबलचक होतं. इंजेक्शनं संपली तरी गोळ्या वर्षाच्या वर चालल्या. मधेच वैनीला बरं वाटायला लागलं, तेव्हा अव्वा म्हणाली, आता कशाला. मी गोळ्या मोजून समोर उभी राहायची आणि ती गिळेपर्यंत हलायची नाही. लेकराला तपासून आणलं, ते ठणठणीत होतं. वैनीचं अंथरूण खिडकीखाली आणलं, खोकून टाकायला फिनेल घातलेला झाकणाचा डबा दिला. अव्वानं तिचं ताट वेगळं काढलं तेव्हा मी त्याच ताटात जेवायला बसले. ताटातून हा रोग पसरत नाही हे लतीफभाईंनी मला सांगितलं होतं, आणि मी ते अव्वाला रोज दोन वेळा सांगत होते. पथकाला पुढच्या गावांसाठी बायकांमध्ये बसून डब्या घेणारी मुलगी हवी होती. अप्पांनी नको म्हटलं; वैनीच्या गोळ्या संपल्या तशी मी गेले. कंधार, शिरूर अनंतपाळ, कुठं कुठं हिंडले. पुढं लतीफभाईंच्याच हाताखाली काचा रंगवायला शिकले आणि डोळे थकेपर्यंत तेच केलं.

बऱ्याच वर्षांनी त्या अभ्यासाचा छापील अहवाल माझ्या हाती आला. त्यात आमच्या गावाबद्दल एक ओळ होती: स्त्रियांचे नमुने अधिक सोयीच्या ठिकाणी पुन्हा घेण्यात आले. मी ती ओळ तीन-चारदा वाचली. त्यात पांदी नव्हती, सोजरबाई नव्हत्या, दातांतून ओढलेला पदर नव्हता. उद्या कुणी दुसऱ्या डॉक्टरनं ती ओळ वाचली तर बायकांना कुठं आणि का न्यायचं हे त्याला कसं कळणार? बायका ज्या लाजेपायी खोकला गिळत होत्या, त्याच लाजेनं तो अहवाल लिहिलेला होता. आणि तीच लाज गेल्या आठवड्यात मला फोनवर गोड आवाजात भेटली. मी त्या सत्काराला जाणार आहे. वैनी पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला आता नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, बाकी छाती खणखणीत. भाषणातला एक शब्द मी बदललेला नाही.

ती बरी होत आली होती तेव्हाची एक दुपार सांगून थांबते. अप्पा जेवायला बसले होते, अव्वा वाढत होती, मी आणि वैनी चुलीपाशी. पानात भाकरी होती, आमटी होती, तेलाची वाटी होती. अप्पांनी इकडं तिकडं बघितलं आणि नेहमीसारखं कुणाकडंच न बघता विचारलं, "चटणी न्हाई का आज?" अव्वा बरण्या उघडून बघायला लागली. एक रिकामी, दुसरी रिकामी. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरातली चटणी संपली होती. अव्वा काही बोलणार, इतक्यात माझ्या शेजारून आवाज आला. स्पष्ट, ओट्यावर जाईल इतका मोठा. पदर तोंडावर नव्हता.

"संपली, मामा," वैनी म्हणाली. "आता खोकला न्हाई, त्यामुळं उखळाकडं जाणं होत न्हाई."

मी अप्पांकडं बघितलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. भरलेल्या बरण्या, वाटलेले डबे, दिवेलागणीपर्यंत चाललेलं ते मुसळ, सगळं एकामागून एक त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. मग त्यांनी मान खाली घातली, भाकरीचा तुकडा नुसत्या तेलात बुडवला आणि खाल्ला.

"बरं," ते म्हणाले, "न्हाई तर न्हाई."